ब नंबरची ट्यूब

दवाखान्यासाठी जागा शोधताना घरमालक काय काय विचारतात, याचा मला तोवर चांगला अनुभव झाला होता. पेशंट किती येतील, पाणी किती लागेल, मशीनचा आवाज वर ऐकू येतो का, दात काढताना माणसं ओरडतात का. भिसेगावातल्या त्या काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात उभ्या उभ्या त्यांनी एकच प्रश्न केला, "तुमी सोता कुठली पेस्ट वापरता?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. दातांची डॉक्टरीण समोर आली की असले विनोद सगळ्यांनाच सुचतात. मी हसून नाव सांगितलं. ते हसले नाहीत.

"ट्यूब हाय का जवळ?"

ट्यूब कोण जवळ घेऊन फिरतं? मी नाही म्हटलं.

"मग उद्या घेऊन या. जागेचं उद्याच बोलू."

दुसऱ्या दिवशी खोपोलीहून पळसदरीमार्गे स्कूटर हाणत मी कर्जतला आले, पर्समध्ये अर्धी वापरलेली, पोटात चेपलेली ट्यूब घालून. आजही हे सांगताना माझी मलाच कीव येते. पण जागा मोक्याची होती. रस्त्याला लागून दोन खोल्या, पुढे ओटा, नळाला पाणी. डिग्री घेऊन दीड वर्ष झालं होतं आणि मी अजून दुसऱ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या पेशंटचे दात साफ करत होते. ट्यूब मागितली तर ट्यूब, असा विचार केला आणि दिली.

काकांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं. ट्यूबवरची सगळी बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली. शेपटीवरची तारीख अंगठ्याने चोळून बघितली. मग झाकण काढून ट्यूब माझ्या नाकासमोर धरली. "वास कसला येतो सांगा. माझं नाक लॅबमध्ये गेलं."

"पुदिन्याचा."

"हं. पुढल्या महिन्यात मुदत संपते. डॉक्टर असून तारीख बघितली नाय तुमी."

मी मनात म्हटलं, गेली जागा. पण जागा मिळाली. का मिळाली ते त्यांनी चार-सहा महिन्यांनी सांगितलं. "वापरलेली आणलीत म्हणून. नवी कोरी आणली असती तर समजलो असतो, बाई दाखवायची एक ठेवते नि तोंडात घालायची दुसरी."

असा तो माणूस. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. कंपनीच्या बसने चौकमार्गे जायचं, आलेल्या मालाचा नमुना तपासायचा, पास किंवा नापास लिहायचं आणि परत यायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर संशय घेण्याचा पगार मिळाला, आणि निवृत्त झाल्यावर पगार थांबला तरी संशय थांबला नाही. शेजारणीने आंबे गोड निघाले म्हटलं की हे म्हणायचे, "नमुना बघू." जावयाने पनवेलहून फोन करून नवी गाडी घेतल्याचं सांगितलं, तर त्यालाही "बघू". एकदा मी त्यांना म्हटलं, काका, डब्यावर सरकारी शिक्का असतो, त्यावर तरी विश्वास ठेवा. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच तो शिक्का घरी कोरून आणलाय.

"बाई, शिक्का मी मारायचो. कसा मारतात ते मला म्हायती हाय."

बाकी वस्तूंवर त्यांचा संशय फुटकळ होता. खरा संशय टूथपेस्टवर. मागच्या पडवीत त्यांनी एक लॅब थाटली होती. बाथरूमच्या फुटक्या फरशांचे तुकडे कठड्यावर ओळीने मांडलेले. निम्म्या तुकड्यांवर हळद वाळवलेली, निम्म्यांवर चहा. प्रत्येक तुकड्याला एकेक पेस्ट लावून जुन्या ब्रशने मोजून दोनशे वेळा घासायचं आणि मग डाग किती गेला ते बघायचं. ते झालं की भिंगातून ओरखडे बघायचे. लाल दंतमंजनाने फरशीवर असे काही ओरखडे काढले होते की काकांनी तो तुकडा खिडकीत ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. "फरशी गेली हितं, दातांचं काय घेऊन बसलात!" कोळशाची काळी पेस्ट बाजारात आली तेव्हा त्यांना फार आनंद झाला, कारण एवढी संशयास्पद पेस्ट त्यांच्या हाती पूर्वी कधी आली नव्हती.

पेस्टवर व्हिनेगर टाकून बुडबुडे येतात का ते बघायचे. बाटलीत पाण्याबरोबर हलवून फेस किती उंच चढतो ते पट्टीने मोजायचे. "फेस म्हणजे सफाई नाय, फेस म्हणजे जाहिरात," हे त्यांचं लाडकं वाक्य. आळीतल्या बायका नवीन ट्यूब आणली की फोडण्याआधी त्यांच्याकडे पाठवत. ट्यूब परत यायची तेव्हा चिमूटभर कमी भरलेली असायची आणि खोक्यावर पेनाने लिहिलेलं असायचं, "चालेल" किंवा "पोरांना नको".

त्यांचं धैर्य मी एकदाच बघितलं, आणि ते किराणा दुकानात. त्या वर्षी मोबाईलवर एक संदेश फिरत होता. ट्यूबच्या शेपटीला हिरवी पट्टी असेल तर माल नैसर्गिक, काळी असेल तर सगळी केमिकल. अख्खं भिसेगाव ट्यूबा उलट्या करून बघायला लागलं. काळ्या पट्टीवाला माल दुकानात पडून राहिला. शेवटी दुकानदारच काकांना बोलवायला आला. काका गेले, पायरीवर उभे राहिले आणि जमलेल्या बायाबापड्यांना म्हणाले, "ही पट्टी मशीनसाठी असती. ट्यूब कुठं कापायची, कुठं चिकटवायची ते मशीनला कळावं म्हणून. रंगाचा नि आतल्या मालाचा काय संबंध नाय."

कुणाचाही विश्वास बसला नाही. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "कंपनीत व्हते ना, कंपनीचंच बोलणार."

मला वाटलं, काका भडकतील. घरी परतताना ते चक्क खुशीत होते. "बरोबर हाय तिचं. माझं तरी का मानावं? तपासल्याबिगर काय मानू नये. आपल्या धम्मात तेच सांगितलंय." पौर्णिमेला विहारात भंतेजींनी हे एकदा प्रवचनात सांगितलं होतं, की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ते काकांनी इतकं मनावर घेतलं की प्रवचन संपल्यावर भंतेजींनाच कोणती पेस्ट वापरता ते विचारून आले. भंतेजींनी उत्तर दिलं म्हणतात. माणूस मोठा असला पाहिजे.

आता माझं ऐका. एवढी वर्षं फरशा घासून काकांनी जो निष्कर्ष काढला तो असा: साधी पांढरी पेस्ट घ्यावी, फ्लोराइड हजार पीपीएमच्या आसपास असावं, खरखर कमी असावी, मुदत बघावी, वाटाण्याएवढी घ्यावी आणि दोन वेळा घासावी. भाव जास्त म्हणून गुण जास्त असं काही नाही. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी अंगणात अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. तसं मी म्हटलंही. त्यांनी भिंग पुसलं. "तुमी सांगितलं असतं, मी मानलं नसतं."

माझ्यावरही त्यांचा संशय होताच. कंपनीचा माणूस छोट्या नमुन्याच्या ट्यूबांचं खोकं माझ्या दवाखान्यात ठेवून गेला, त्या दिवसापासून काका पेशंटच्या बाकावर येऊन बसायला लागले. पेशंट आत यायच्या आधी त्यांना सांगायचे, "डॉक्टरीण दात बरा काढती. पेस्टचं मात्र मला इचारून घ्या." मलाही त्यांचा संशय यायचा. माझ्या कचऱ्याच्या टोपलीतले रिकामे खोके दुपारी नाहीसे होत. एकदा मी बाहेरून लवकर परतले तर काका टोपलीपाशी उकिडवे बसून खोक्यावरचं बारीक वाचत होते. ते दचकले नाहीत, शरमले नाहीत. "वाचून ठेवतो परत," एवढंच म्हणाले. आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून अगदी गुण्यागोविंदाने राहत होतो.

काकू मात्र संशयाच्या पलीकडच्या. बुटक्या, गोऱ्या, सतत काहीतरी निवडत बसलेल्या. दुपारी मला एकटीला जेवताना बघवायचं नाही म्हणून भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन खाली यायच्या. हसताना पदर तोंडाला लावायच्या. जुन्या वळणाची बाई, असं मी धरून चालले होते.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मला भिसेगावात येऊन आठ-नऊ महिने झाले होते. एका दुपारी कशावरून तरी काकू खूप हसल्या आणि पदर लावायचा राहून गेला. खालच्या दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, काळी रेघ. ती रेघ कशाची ते दातांच्या डॉक्टरला पुस्तक उघडून बघावं लागत नाही.

"काकू, मशेरी लावता?"

मशेरी म्हणजे तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखू, बारीक पूड केलेली. आमच्याकडे कितीतरी बायका ती बोटाने दातांना लावतात, आणि दात घासून झाले तरी गालात तशीच धरून ठेवतात. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"यांना सांगू नको गं, बाय. मी अकरा वर्सांची असताना दाढ दुखत व्हती, तवा आयनं लावली. सकाळी लावली नाय तर पोट साफ होत नाय माझं. यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील."

मी त्यांना डॉक्टर म्हणून सगळं सांगितलं. तंबाखू ती तंबाखूच, भाजली म्हणून तिचा विखार जात नाही. तोंडाला जखम होईल, ती भरणार नाही. त्या मान हलवत राहिल्या. "कमी करते, बाय. वचन. तू पण वचन दे." मी दिलं. त्यानंतर दोन-तीन वेळा विचारलं, कमी केली का? "केली की गं," त्या म्हणायच्या. मला ते सोयीचं होतं. खरं बोलायचं तर त्या घरात मशेरीवरून जे महाभारत झालं असतं ते मला नको होतं. दवाखाना आत्ता कुठे चालायला लागला होता. आणि मनात एक चोरटा विचारही होता की ज्या माणसाला सगळ्या जगाच्या ट्यूबांमधलं कळतं, त्याला आपल्या बायकोच्या तोंडातलं कळत नाही, तर बघू या किती दिवस कळत नाही ते. हा विचार आठवला की आजही मला स्वतःचा राग येतो.

काकांना न कळण्याला कारण होतं. त्यांना वास येत नव्हता. एरवी मशेरीचा वास अंगणातूनही लपत नाही. आणि त्यांच्या राज्यात घरातल्या प्रत्येकाला पारखलेली पेस्ट मिळत होती. मग आणखी काय बघायचं?

दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला काका दवाखान्याच्या दारात आले. माझ्या खुर्चीत पेशंट, हातात ड्रिल.

"एक शंका हाय. एका बाईला तिखट सोसत नाय. तोंडाची आग होती. पेस्टमधलं काय असेल?"

"कोण बाई?"

"नमुना ब."

ही त्यांची लॅबमधली शिस्त. नमुन्यावर नाव घालायचं नाही, अक्षर घालायचं. आळीतल्या बायकांच्या तक्रारी ते अशाच आणत. नमुना ड च्या हिरड्यांतून रक्त येतं, नमुना फ च्या दातांना गार लागतं. मला त्याचं हसू यायचं. मी ड्रिल न थांबवता म्हटलं, "फेस करणारं रसायन असतं ना, त्याने कुणाकुणाला आग होते. पेस्ट बदलून बघा."

"मी बी तेच धरलं व्हतं," ते म्हणाले आणि समाधानाने गेले.

त्या बाईला घेऊन या, एवढंच म्हणायला हवं होतं मी. चार शब्द. कॉलेजात पहिल्या महिन्यात शिकवतात ते. जीभ ड्रिलसारखी फिरली आणि नको ते बोलून गेली.

मग दोन-अडीच महिने काकांनी नमुना ब वर पेस्टी बदलल्या. बिनफेसाची, आयुर्वेदिक, लहान मुलांची, पुन्हा साधी. मध्ये ते दुकानदाराशी भांडले, की तुझ्याकडे डुप्लिकेट माल येतो. एका कंपनीला त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं. आणि याच दिवसांत काकूंनी दुपारी खाली येणं कमी केलं. विचारलं तर म्हणायच्या, "उन्हाळा हाय गं. भाकरी नको वाटती, पेज घेते." मी मान डोलावली. उन्हाळा होताच.

जूनच्या तोंडावर एका सकाळी, अजून एकही पेशंट आला नव्हता तेव्हा, काका वही घेऊन आले. चेहरा उतरलेला. टेबलावर त्यांनी त्यांचा छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ठेवला, पोस्टाच्या तिकिटाचंही वजन दाखवणारा.

"हा बिघडला. पण कसा बिघडला ते मला कळंना."

वहीत ट्यूबांची वजनं होती. दर शुक्रवारी सकाळी प्रत्येक ट्यूब काट्यावर ठेवायची आणि आठवड्यात किती पेस्ट खर्च झाली ते लिहायचं, असा त्यांचा नेम. नमुना अ म्हणजे ते स्वतः, हे मला माहीत होतं. अ ची ट्यूब दर आठवड्याला आठ-दहा ग्रॅमनी हलकी होत होती, अगदी शिस्तीत. शेजारचा रकाना ब चा. चार वेगवेगळ्या ट्यूबा, नऊ आठवडे. आणि पहिल्या शुक्रवारी जे वजन, तेच दुसऱ्या, तेच तिसऱ्या शुक्रवारी. एका ग्रॅमचाही फरक नाही.

रकान्याच्या कडेला काकांच्या सुबक अक्षरात शेरे होते. "काटा?" मग, "सेल बदलला." मग, "नाणी ठेवून पाहिलं, काटा ठीक." मग, "बाथरूमची दमट हवा ट्यूब ओढते काय?" आणि शेवटी पुन्हा, दोनदा अधोरेखित, "काटा?"

मी ते शेरे वाचले आणि ब चा रकाना पुन्हा वरपासून बघितला.

"काका, काटा बरोबर आहे. ही ट्यूब कुणी वापरतच नाहीये."

"असं कसं? ब्रश रोज ओला असतो. मी बघतो."

"ब कोण?"

"नाव सांगायचं नसतं. नाव कळलं की तपासणारा कलतो."

"काका, ब कोण आहे?"

त्यांनी वही मिटली. "घरातलीच," ते म्हणाले.

आम्ही जिना चढून वर गेलो. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. माझ्या हातातला आरसा बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि तोंड उघडलं. पुरतं उघडेना. जेमतेम दोन बोटं जातील एवढंच. काका बॅटरी घेऊन आले, "उजेड मी धरतो." खालच्या ओठाच्या कोपऱ्यापासून डाव्या गालाच्या घडीत पांढरा जाड चट्टा, मध्ये लाल जखम. मी बोट लावलं. कडा कडक लागल्या. कडा कडक लागल्या की आम्हा लोकांना रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

"ही कुठल्या पेस्टनं झाली?" काकांनी मला विचारलं.

काकू उठल्या. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, एक लहानशी पत्र्याची डबी काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवली. काकांनी झाकण उघडून सवयीने नाकाशी नेली. मग माझ्यापुढे धरली.

"वास कसला येतो?"

"तंबाखूचा. भाजलेल्या."

त्यांनी डबीचं झाकण परत लावलं. "तुला पेस्ट वापरायची नव्हती, तर निदान पिळून फेकायची तरी. मला कळलं नसतं."

"चांगली वस्तू मोरीत कशी घालू?" काकू म्हणाल्या.

"मग मला सांगितलं का नाय?"

"तुमी इचारलं कवा?" काकूंचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "ट्यूबा इचारल्या, फरशा इचारल्या, त्या काट्याला इचारलं. मला येकदा तरी इचारलंत का, तू तोंडाला काय लावतेस?"

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी क्षणभर. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. त्यांनी नजर काढून घेतली आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मी त्यांचं झाकलं होतं, त्यांनी माझं झाकलं.

जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ज्याची भीती होती तेच आलं, कॅन्सर. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी फोटो बघितले, तोंड बघितलं आणि काकांना सरळ सांगितलं, की दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर गालावर निभावलं असतं, आता जबड्याचा तुकडाही काढावा लागेल. काकांनी त्यांना रिपोर्ट परत तपासा म्हटलं नाही, सही कुणाची ते विचारलं नाही. मी शेजारी उभी होते. दोन-तीन महिने म्हणजे कधी, ते मला तारखेनिशी माहीत होतं. माझ्या हातात ड्रिल होतं तो दिवस.

ऑपरेशन झालं. काकू वाचल्या. चेहरा एका बाजूने आत गेला, बोलणं अस्पष्ट झालं, आणि खाणं म्हणजे पेज आणि वरणाचं पाणी. त्या हसायच्या थांबल्या नाहीत, ही त्यांची कमाल. मला तेही बघवायचं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी काका खाली आले आणि पेशंटच्या बाकावर न बसता आत माझ्या समोर बसले. खिशात भिंग नव्हतं.

"एक इचारायचं हाय. खरं सांगा." ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "ती तुमच्याबरोबर रोज जेवायची. तुमी दातांच्या डॉक्टर. तुमच्या कधी नजरेला आलं नव्हतं का?"

खरं सांगायचं मी कितीदा ठरवलं होतं. वाक्यं जुळवून ठेवली होती, की मला माहीत होतं, मी वचन दिलं होतं, मी चुकले. समोर तो माणूस बसला होता, ज्याने आयुष्यात एकही गोष्ट नमुना बघितल्याशिवाय मानली नव्हती. एक उलट प्रश्न विचारला असता तर मी जागच्या जागी सापडले असते.

"नाही," मी म्हटलं. "तोंडाला पदर असायचा ना त्यांच्या."

मी वाट बघत होते. भुवई वर जाईल, मान तिरकी होईल. काकांनी मोठा श्वास सोडला, आणि त्यांचे खांदे खाली आले.

"तेच म्हणतो मी. डॉक्टरला दिसलं नाय, तर मला कुठनं दिसणार?"

पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की त्यांच्या समाधानासाठी खोटं बोलले. समाधान त्यांना मिळालं, यात शंका नाही. पण मी बोलले ती भीतीने.

त्या दिवसानंतर पडवीतल्या फरशा गेल्या. काका रोज खाली येऊन बाकावर बसत, आणि पेशंटना सांगत, "बाई सांगतील ती पेस्ट घ्या. मी तपासलेली नाय. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं." पेशंट आत येऊन कौतुकाने मला ते सांगायचे. मी मास्क चढवायचे आणि खुर्ची मागे टेकवायचे.

सहा महिने मी ते ऐकलं. मग स्टेशनच्या बाजूला एक गाळा बघितला. इथल्यापेक्षा लहान, अंधारा, पाणीही एकच वेळ. काकांना मी सांगितलं की पेशंट वाढलेत, ही जागा अपुरी पडते.

त्यांनी तेही मानलं.